तिच्या उरलेल्या गोळ्या

सकाळी उजवा बूट पायात गेला नाही, तेव्हा त्याला आधी बुटाचाच राग आला. रोजचाच बूट, काळा, नाडीचा, टाचेकडे झिजलेला. त्याने नाडी पार शेवटच्या भोकापर्यंत सैल केली, बुटाची जीभ बाहेर ओढली, स्टुलावर बसून दोनदा टाच आपटली. बूट आटला, असं त्याच्या मनात आलं. आटण्यातलं त्याला कळत होतं, उभा जन्म लाँड्रीत गेला होता. लोकर आटते, सुती कापड आटतं, आणि ते हातात ठेवल्यावर गिऱ्हाइकाचं तोंडही आटतं. तसं चामडंही आटत असेल. मग त्याने डावा घालून पाहिला, तर तोही आटलेला. दोन्ही बूट एका रात्रीत आटत नाहीत एवढी अक्कल त्याला होती, म्हणून त्याने मोजा खाली सरकवला. मोज्याच्या इलॅस्टिकची रेघ पायात कोरल्यासारखी उतरली होती. त्याने नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. अंगठ्याचा खळगा तिथेच राहिला. तो त्या खळग्याकडे बघत बसला. खळगा अगदी सावकाश भरत होता, त्याला कामावर जायची घाई नव्हती. गंमत म्हणजे त्याला भीती वाटली नाही. 'अगं, इकडे ये, हे बघ काय झालंय' असं म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. बायको जाऊन एक अख्खा हिवाळा आणि वर उन्हाळ्याचे थोडे दिवस झाले होते, पण त्याचं तोंड अजून हे शिकलं नव्हतं.

शेवटी तो चपला घालून निघाला. दाराजवळच्या बुटांच्या मांडणीवर नेहमीसारखी नजर गेली. मांडणीच्या वरच्या फळीवर एक गोल डाग होता. रोज संध्याकाळी तो कामावरून यायच्या सुमाराला बायको तिथे पाण्याचा पेला ठेवून द्यायची, त्याचा तो डाग. तो दार उघडून आत यायचा आणि बूट न काढताच उभ्याउभ्या घटाघटा प्यायचा. "अहो, आधी बूट तरी काढा," ती आतून म्हणायची, न बघता. तिला बघावं लागत नसे. लाँड्रीच्या वाफेत दिवसभर उभं राहून त्याच्या अंगातलं पाणी निघून जायचं, पण तहान लागलीय हे त्याला कळायचं नाही, पेला दिसला की कळायचं. जेवताना ती पेला त्याच्याकडे सरकवायची, झोपताना उशाशी ठेवायची. त्याची तहान म्हणजे घरातल्या पंख्यासारखी झाली होती, बटण तिच्या हाताशी. ती गेल्यावर त्याला कधी तहान लागल्याचं आठवत नव्हतं. घशाला कोरड पडायची, जीभ टाळूला चिकटायची, पण त्याला तहान म्हणतात हे लक्षातच यायचं नाही. तो चहा प्यायचा आणि वाटायचं, झालं.

लाँड्रीत हॉस्पिटलच्या चादरींचा दिवस होता. निळ्या काठाच्या चादरी, ओल्या, जड, गाड्यांत भरून आलेल्या. त्याचं काम मोठ्या रोलरवर. ओली चादर दोन्ही कोपऱ्यांना धरून सरळ आत सोडायची, तापलेल्या रोलरखालून ती पलीकडे कोरडी आणि सपाट होऊन निघते, आणि पलीकडे जी बाई तिची घडी घालते तिला सगळे घडीवालीच म्हणत. कित्येक वर्षं ती दोघं एकाच यंत्राच्या दोन बाजूंना उभी होती, एकमेकांना वाफेतून बघत. "आज चपला?" ती ओरडली. यंत्राच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागे. "समुद्रावर चाललात की काय?" "बूट आटले," तो म्हणाला. "आणि तोंड? तोंड फुगलंय. कुणी हवा भरल्यासारखं." तो हसला. हसताना तोंडात चव आली, चमचा खूप वेळ तोंडात धरल्यावर येते तशी. ती चव तीन-चार दिवस होतीच. आठवड्याच्या सुरुवातीला पोट बिघडलं होतं. फ्रिजमध्ये उरलेलं वरण फेकवत नव्हतं म्हणून रोज थोडं थोडं गरम करून खाल्लं, आणि मग रात्रभर संडासाच्या फेऱ्या. पोट थांबलं, पण अंगातला जोर परत आला नाही. अन्नावरची वासना उडाली. झोप मात्र भरपूर, बसल्या जागी डोळा लागायचा. त्याला वाटलं, वय. किंवा दुःख. दुःखाला माणूस काहीही चिकटवू शकतो. त्याने पुढची चादर उचलली, कोपरे धरले, आत सोडली, आणि ती वाकडी गेली. एका बाजूने दुमडली, रोलरखाली गोळा झाली, जळका वास आला. घडीवालीने धावत जाऊन लाल बटण दाबलं. सगळं यंत्र थांबलं आणि इतकी शांतता झाली की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज आला. तिने त्याच्याकडे बघितलं. चादरीकडे नाही, त्याच्याकडे. "तुमची चादर वाकडी?" ती हळूच म्हणाली. "चला. डॉक्टरकडे. मी येते." आणि जळक्या चादरीवर पाय देऊन ती त्याच्या बाजूला आली. असं तिने आजवर कधी केलं नव्हतं.

हॉस्पिटल तेच होतं ज्याच्या चादरी ते दाबायचे. बायकोही शेवटचे दिवस इथेच होती, वरच्या मजल्यावर. तिचं हृदय दमलं होतं, पण जिभेची धार तशीच होती. ती पहिल्या दिवशी आडवी झाली आणि चादरीच्या काठावरून बोट फिरवून म्हणाली, "ही तुमची नाही. तुम्ही सुट्टीवर असताना दाबलेली दिसते. हा बघा, कोपरा." आणि खरंच त्या कोपऱ्याला सुरकुती होती. ती हसली, मग तिला धाप लागली, मग पुन्हा हसली. आता त्याला आडवं केलं त्या खाटेवरची चादर त्याने सवयीने चाचपली. कोपरा सरळ होता. ही आपलीच, असं मनाशी म्हणून त्याने पाठ टेकली आणि त्याला विलक्षण बरं वाटलं. इतक्या वर्षांत या चादरींवर कोण झोपतं, याचा त्याने विचारच केला नव्हता. आता कळलं की झोपायला त्या चांगल्या होत्या.

मग एकामागून एक माणसं आली. कुणी दंडातून रक्त काढलं, कुणी छातीला थंडगार चिकटपट्ट्या लावून हृदयाचा कागद काढला, कुणी पोटावर चिकट मलम लावून यंत्र फिरवलं आणि पडद्यावर त्याला त्याच्या किडन्या दाखवल्या. राखाडी, धूसर, दोन. "आकार चांगला आहे," यंत्रवाला म्हणाला. त्याला उगाच अभिमान वाटला. तरुण डॉक्टर आला, सारखं पेनाचं टोक आतबाहेर करणारा. "शेवटची लघवी कधी झाली?" त्याने विचारलं. तो आठवायला लागला. काल सकाळी? थोडीशी झाली होती, चहाच्या रंगाची. "काल," तो म्हणाला. डॉक्टरने पेन थांबवलं. "किडन्यांनी काम जवळजवळ थांबवलंय," डॉक्टर म्हणाला. "रक्तातली घाण गाळून बाहेर काढणं हे त्यांचं काम. ते होत नाही म्हणून पाय सुजलेत, मळमळतंय, झोप येतेय. रक्तात क्रिएटिनिन नावाचा एक पदार्थ मोजतात, किडन्या नीट असतील तर तो एकच्या आसपास असतो. तुमचा साडेचार आहे. हे अचानक झालंय, म्हणून आशा जास्त. पण का झालंय ते कळायला हवं. एक तर पुढे कुठे तरी लघवीची वाट अडते, ते नाही, सोनोग्राफीत दिसलं असतं. नाही तर किडनीपर्यंत रक्त-पाणी कमी पोचतं. नाही तर गाळणीलाच काही तरी इजा होते. काही गोळ्या घेता?" "एक. रक्तदाबाची." "ती आजपासून बंद. आणखी?" "नाही." "दुखण्यावरची? कंबर, डोकं, काही?" "नाही," तो म्हणाला. आणि हे खोटं बोलतोय असं त्याला किंचितही वाटलं नाही.

कारण त्या गोळ्या त्याच्या नव्हत्याच. त्या तिच्या होत्या. तिचे गुडघे गेले होते, आणि दुखण्यावरच्या गोळ्यांच्या पट्ट्या तिने एका पत्र्याच्या डब्यात भरून ठेवल्या होत्या, कारण तिला औषध संपण्याची भीती वाटे. ती गेल्यावर मुलगी डबा उचलून निघाली होती. "बाबा, हे टाकून देते." "राहू दे," तो म्हणाला. त्यांच्या घरात काही टाकायचं नसे. बायको टूथपेस्टची नळी कात्रीने उभी कापून आतली पेस्ट बोटाने काढायची. शांपूची बाटली उलटी करून भिंतीला टेकवून ठेवायची, आणि पाहुण्यांनी ते पाहिलं तर म्हणायची, "ती योगासनं करतेय." त्याच्या ताटात काही उरलं तर ती ते आपल्या ताटात घ्यायची, आणि तिच्या ताटातलं तो. लग्न म्हणजे एकमेकांचं उरलेलं संपवणं, असं ती एकदा म्हणाली होती, थट्टेने, पण त्याला ते पटलं होतं. हिवाळा संपता संपता त्याची कंबर धरली. एका संध्याकाळी जेवणानंतर त्याने डबा उघडला, तिची पट्टी काढली, आणि गोळी दाबून बाहेर काढली. चुर्र, टक्. तो आवाज ऐकून तो खुर्चीत तसाच बसून राहिला. वर्षानुवर्षं सकाळ-संध्याकाळ जेवण झालं की स्वयंपाकघरातून तो आवाज यायचा, आणि मग "आई गं," म्हणून ती ओट्याला धरून उठायची. त्याने गोळी घेतली. पाण्याचा एकच घोट, ती घ्यायची तसा. दुसऱ्या दिवशी कंबर दुखत नव्हती तरी घेतली. मग रोज, दोन वेळा. कंबरेसाठी किती आणि आवाजासाठी किती, हे त्याने कधी वेगळं केलं नाही. पट्ट्या कमी होत गेल्या तसं त्याला आत कुठेतरी हुरहूर लागायची. शेवटच्या पट्टीच्या मागे काय आहे ते त्याला बघायचं नव्हतं. ती शेवटची पट्टी तो घरी ठेवून जात नसे. तिच्या चष्म्याच्या डबीत, चष्म्याशेजारी घडी करून ठेवलेली असे, आणि डबी खिशात. आत्ता ती डबी खाटेजवळच्या छोट्या कपाटावर होती. चष्म्याची डबी कोण उघडतं?

दुपारपासून त्याच्या हाताला सलाईन होतं, आधी भराभर, मग थेंबथेंब. खाली खाटेला एक पिशवी लटकवली होती आणि नळी लावून त्याची लघवी तिच्यात सोडली होती. नळी लावताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण सिस्टर घड्याळ बघत बघत "झालं झालं" म्हणाली आणि झालंसुद्धा. त्यानंतर सगळ्यांचं लक्ष त्या पिशवीवर. येणारा-जाणारा आधी खाली वाकायचा, मग त्याच्याकडे बघायचा. पिशवीत तळाशी जेमतेम चार चमचे, गढूळ. प्यायचं पाणीही मोजून, एका छोट्या मापाने, आणि किती दिलं ते सिस्टर लिहून ठेवायची. आत किती गेलं, बाहेर किती आलं. कुणीतरी आपला हिशेब ठेवतंय, या गोष्टीचं त्याला इतकं समाधान वाटलं की तो थोडा वेळ डोळे मिटून पडून राहिला. शेजारच्या खाटेवर एक बस ड्रायव्हर होता, गोल, टकलू, मोठ्या आवाजाचा. त्यालाही तशीच पिशवी, पण त्याची तुडुंब. "माझं खाली अडलं होतं," त्याने ओळख करून घेण्याआधीच सांगून टाकलं. "प्रोस्टेट. स्टॉपवर उतरून मोकळं व्हायला वेळ कुठे? वर्षानुवर्षं दाबून धरलं. शेवटी वरपर्यंत तुंबलं. किडन्या म्हणाल्या, बास. नळी घातली तेव्हा असं सुटलं की सिस्टरने दुसरी पिशवी आणली. तुमचं कसं?" "माझं वरूनच येत नाहीये." "म्हणजे तुमच्याकडे पाणीकपात आणि माझ्याकडे गटार तुंबलेलं," ड्रायव्हर म्हणाला, आणि दोघंही हसले, आणि दोघांच्याही नळ्या हलल्या, आणि दोघंही "आई गं" म्हणाले.

संध्याकाळी मुलगी आली. ती दुसऱ्या गावी नोकरीला होती, तिला घडीवालीने फोन केला होता. तिने डझनभर केळी आणली होती. सिस्टरने ती दारातच उचलली. "पोटॅशियम वाढलंय यांचं. केळी, संत्री, फळांचा रस, काही नाही. हृदयाचे ठोके बिघडतात त्याने." "मग मला चालतील," ड्रायव्हर म्हणाला. "तुम्हालाही नाही," सिस्टर म्हणाली. मुलगी खाटेच्या कडेला बसली. तिच्या आईसारखंच तिने चादरीवरून बोट फिरवलं, नकळत. डॉक्टर पुन्हा आला, पुन्हा तेच विचारलं, गोळ्या, काढे, पावडरी, मुलीसमोर विचारलं, आणि त्याने पुन्हा "नाही" म्हटलं. डॉक्टर मुलीला म्हणाला, "उद्या सकाळच्या तपासणीत पोटॅशियम आणखी वाढलं, लघवी वाढली नाही, तर डायलिसिस करावं लागेल. यंत्रातून रक्त धुऊन परत आत सोडायचं. कारण कळलं असतं तर बरं झालं असतं. काय थांबवायचं तेच कळत नाही." मुलगी मान हलवत राहिली. डॉक्टर गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पण नका हं." एवढंच. 'पण' या शब्दानंतर तिने ओठ आत घेतले, लहानपणी सायकलवरून पडली की घ्यायची तसे, आणि चहा आणते म्हणून बाहेर गेली. धुण्याच्या यंत्रातून तर आपण आयुष्यभर सगळं काढलं, रक्त तेवढं राहिलं होतं, असा विनोद त्याला सुचला आणि तो सांगायला बायको नव्हती.

मग जेवणाची गाडी फिरून गेली. बिनमिठाचं काहीतरी त्याने चार घास खाल्लं. जेवण झालं, आणि कंबर दुखायला लागली. किंवा दुखायची वेळ झाली. त्याचा हात आपोआप डबीकडे गेला, पट्टी निघाली. तीन गोळ्या उरल्या होत्या. माप रिकामं होतं. "जरा पाणी देता का?" तो ड्रायव्हरला म्हणाला. "तुमचं पाणी मोजून आहे. सिस्टर माझी मान पिरगाळेल. कशाला हवंय?" "गोळी घ्यायचीय." "कसली गोळी? गोळ्या तर सिस्टर देते." "ही माझी नाही. हिची आहे." "हिची म्हणजे?" "बायकोची." ड्रायव्हरला दुपारी कळलं होतं की बायको नाही. तो कोपरावर उठून बसला. "मग तुम्ही का खाताय?" "उरल्यात." "उरल्यात म्हणून? उद्या तिचा चष्मापण लावाल!" त्याने डबीतून जांभळ्या काड्यांचा चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. "पेपर वाचायला," तो म्हणाला. "नंबर जवळपास तोच आहे." ड्रायव्हर हसता हसता वाकडा झाला, आणि मग हसू थांबल्यावर चेहरा एकदम गंभीर करून म्हणाला, "डॉक्टरने पुन्हा पुन्हा विचारलं तुम्हाला. मी इथे कान देऊन होतो. नाही म्हणालात." "मी काय घेतो ते विचारलं. माझं ते सांगितलं." "अहो भल्या माणसा, तोंड कुणाचं होतं?" जांभळ्या चष्म्यातून ड्रायव्हरचं टक्कल स्वच्छ दिसत होतं. "सांगितलं तर घेऊन जातील," तो शेवटी म्हणाला. "तीनच आहेत." "माझी बायको वर्षभर सांगत होती, डॉक्टरला दाखवा," ड्रायव्हर म्हणाला, आता हळू आवाजात. "मला लाज वाटायची. आता ती बाहेर बाकावर बसलीय, सकाळपासून. तिचे पाय सुजलेत, माझे नाही. तुमची पोरगी गेलीय ना चहा आणायला? तिला किती वेळ बसवणार आहात तुम्ही बाकावर?" आणि त्याने खाटेजवळची घंटा दाबली. "मी सांगेन. पण तुम्ही सांगितलंत तर चांगलं दिसेल."

सिस्टरच्या मागोमाग डॉक्टर आला. जांभळा चष्मा काढून त्याने ती पट्टी आपण होऊन पुढे केली. डॉक्टरने ती हातात घेतली, मागचं बारीक अक्षर वाचलं, आणि न रागावता खाटेच्या कडेला बसला. "किती दिवस?" "हिवाळा संपल्यापासून. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर." "पाणी किती प्यायचात?" "गोळीबरोबर एक घोट." डॉक्टरने पेन खिशात ठेवलं. "या गोळीने दुखणं थांबतं, पण किडनीत रक्त नेणारी वाट अरुंद होते. रक्तदाबाच्या गोळीने आतला दाब उतरतो. त्यात जुलाब, वाफेत उभं राहणं, पाणी नाही. एकेकटं काही एवढं बिघडलं नसतं. सगळं एकदम आलं आणि किडन्यांनी हात टेकले. या गोळ्या आता परत कधीच नाहीत, कुठलीही दुखण्यावरची गोळी विचारल्याशिवाय नाही. पण कारण सापडलं, हे फार बरं झालं. अशा किडन्या बहुतेक वेळा पुन्हा कामाला लागतात." मुलगी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तो तिच्याकडे बघायचं टाळत होता. "आईच्या?" ती म्हणाली. त्याने मान हलवली. ती रागावली नाही. कप खिडकीत ठेवले आणि त्याच्या पायाशी बसून त्या सुजलेल्या पावलावर हात ठेवला. "सगळ्या संपवल्या तुम्ही? सगळा डबा?" "तीन राहिल्यात." तिला हसू आलं की रडू, ते तिलाही कळलं नसावं.

"त्या मी टाकते," सिस्टर म्हणाली. "मी टाकू का?" त्याने विचारलं. सिस्टरने डॉक्टरकडे बघितलं, आणि गाडीवरचा तो वाकडा, घेवड्याच्या दाण्यासारखा स्टीलचा ट्रे उचलून त्याच्यापुढे धरला. त्याने पट्टी दोन्ही हातांत धरली आणि अंगठ्याने दाबलं. चुर्र, टक्. गोळी ट्रेमध्ये पडून नाचली. मुलीने मान वर केली. तिनेही तो आवाज ओळखला होता, तिचंही सगळं बालपण त्या आवाजात गेलं होतं. दुसरी. तिसरी त्याने जरा सावकाश दाबली. मग खोलीत काहीच आवाज राहिला नाही, आणि त्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही. शेवटच्या पट्टीच्या मागे मुलगी बसलेली होती, आणि चहा निवत होता. "रिकामी पट्टी ठेवू?" त्याने विचारलं. "ठेवा," सिस्टर म्हणाली. "तिने काही होत नाही."

रात्री तो झोपला आणि पहाटे त्याला जाग आली ती एका अनोळखी त्रासाने. दुखत नव्हतं, मळमळ नव्हती. सगळं तोंड, घसा, छातीपर्यंतचा रस्ता, काहीतरी मागत होता. तो पडल्या पडल्या त्या मागण्याकडे बघत राहिला, आणि मग एकदम ओळख पटली. तहान. त्याला तहान लागली होती. कुणी पेला समोर धरलेला नव्हता, कुणी सरकवला नव्हता, आपली आपण लागली होती. खाली वाकून त्याने पिशवी बघितली. चार चमचे नव्हते आता. पिवळसर, स्वच्छ, अर्ध्यावर आलं होतं. सिस्टर आली, वाकली, आणि म्हणाली, "अरे वा!" पोरगं पहिल्यांदा चाललं की म्हणतात तसं. सकाळच्या तपासणीत पोटॅशियम थोडं उतरलं होतं, क्रिएटिनिनचा आकडा चढायचा थांबला होता. मग पुढच्या काही दिवसांत आकडा पायरी पायरीने उतरत गेला आणि पिशव्या भरत गेल्या, इतक्या की डॉक्टर म्हणाला, आता बाहेर जातंय तेवढं आत घ्यायला हवं, मोकळं प्या. ड्रायव्हरने ओरडून सगळ्या वॉर्डाला सांगितलं, "पाणीकपात उठली!" आणि त्याची बायको, जिला आता आत बसू देत होते, म्हणाली, "तुम्ही गप्प बसा, तुमची नळी अजून आहे." पायांवरच्या रेघा गेल्या. अंगठा दाबला तर खळगा पडेना. घडीवाली एकदा भेटायला आली, चादरीचा कोपरा उचलून बघितला आणि म्हणाली, "ही तुमची नाही. तुम्ही नव्हतात त्या आठवड्यातली." तो इतका हसला की मुलगी बघतच राहिली.

त्याला घरी सोडल्यावर मुलीने चार दिवस राहून सगळं पाहिलं. वरण उरलं की फेकायचं, असं बजावलं. पत्र्याचा डबा रिकामा होता, तो तिने धुऊन उन्हात ठेवला. आपल्याकडे चला म्हणून दोनदा विचारलं, आणि तो "रोलरवर कोण उभं राहणार?" म्हणाला तेव्हा तिसऱ्यांदा विचारलं नाही. महिन्याने रक्त तपासायचं, रक्तदाबाची गोळी डॉक्टर सांगेल तेव्हा पुन्हा, दुखलं तर शेक, असं सगळं तिने फ्रिजवर चिकटवलं आणि गेली.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो पुन्हा कामावर निघाला. बूट सहज पायात गेले, सैलच वाटले. नाडी बांधून तो दाराशी आला, आणि मांडणीवरच्या त्या गोल डागाशी थांबला. परत आत गेला, पेला भरला, वर बशी झाकली, आणि तो बरोबर डागावर ठेवला. मग कुलूप लावून गेला. दिवसभर चादरी सरळ गेल्या. दोनदा त्याने स्वतः लाल बटण दाबून पाणी प्यायला सुट्टी घेतली, आणि दोन्ही वेळा घडीवाली म्हणाली, "साहेब झालात," आणि दोन्ही वेळा तीही प्यायली. संध्याकाळी घर उघडलं तेव्हा आत अंधार होता, आणि मांडणीवर पेला होता. कुणी ठेवला हे त्याला माहीत होतं. तरी तो तिथे होता, तयार, आपली वाट बघत, हे बघून त्याला बरं वाटलं. पाणी दिवसभर राहून कोमट झालं होतं. बूट न काढता, उभ्याउभ्या, तो ते प्यायला. मध्येच थांबला. आतून कुणी काही म्हणालं नाही. तो थोडा वेळ तसाच ऐकत राहिला, आणि मग उरलेलंही पिऊन टाकलं.